शेगडीचा नॉब सारखा जाम होतो, गोल फिरतो, फुटतो : दोष शोधायचा कसा आणि दुरुस्ती कुठवर करायची

नवा नॉब आणला, बसवला, चार दिवस बरा चालला आणि परत पहिल्यासारखाच घट्ट झाला. किंवा नॉब फिरतोय, पण आच हलतच नाही. किंवा ऐन फोडणीच्या वेळी तो हातातच निघून आला. जुन्या शेगडीच्या या तिन्ही तक्रारींवर बहुतेक घरांत एकच उपाय होतो, तो म्हणजे आणखी एक नवा नॉब. पण एकाच बर्नरचा नॉब तीनदा बदलावा लागला असेल, तर चौथा आणण्याआधी त्याच्या मागचा कॉक, म्हणजे गॅस सोडणारा-बंद करणारा पितळी वॉल्व, तपासायला हवा. घट्ट कॉकवर जोर लावल्यानं नॉबच्या आतली नळी चिरते, आणि आपण चिरलेल्या नळीला दोष देत बसतो.

आधी आत काय असतं ते बघू. नॉबला कुणी बटण म्हणतं, कुणी चावी. त्याच्या मागच्या बाजूला मधोमध एक आखूड नळी असते आणि तिचं भोक इंग्रजी डी अक्षरासारखं असतं, म्हणजे एक बाजू सपाट आणि बाकी गोल. त्या भोकात पोलादाची छोटी पत्ती असते, नाहीतर नळीवर बाहेरून तारेची रिंग असते. नॉब दांडीवर धरून ठेवायचं काम हीच करते. दांडी पितळी कॉकमधून बाहेर आलेली असते. कॉकच्या आत एक निमुळता पितळी शंकू बसवलेला असतो, त्याला आडवी भोकं असतात, आणि मागची स्प्रिंग त्याला बॉडीत घट्ट धरून ठेवते. शंकू फिरला की त्याचं भोक गॅसच्या वाटेसमोर येतं. मोठं भोक समोर आलं की मोठी आच, बारीक भोक आलं की सिम. शंकू आणि बॉडी यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर असतो. गॅस बाहेर झिरपू न देणं आणि दांडी हलकी फिरू देणं ही दोन्ही कामं त्या थराची. तो सुकला की शेगडी म्हातारी झाली.

नॉब काढून नुसती दांडी फिरवून बघा

सगळ्या निदानाची ही एक पायरी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. रेग्युलेटर बंद करा. पेटता बर्नर आपोआप विझेपर्यंत थांबा, म्हणजे गॅसच्या रबरी नळीतला गॅस संपतो. शेगडी पूर्ण गार होऊ द्या. मग नॉब सरळ पुढं ओढून काढा आणि दांडी दोन बोटांत धरून, आत दाबून, डावीकडं फिरवा.

बोटांच्या जोरावर दांडी फिरली, सोडल्यावर स्प्रिंगनं बाहेर आली आणि बंद जागी येऊन अडकली, तर कॉक चांगला आहे. दोष नॉबमध्ये आहे, आणि तो घरी बदलता येतो.

बोटांनी फिरत नसेल, पक्कड लावावीशी वाटत असेल, तर ग्रीस गेलं आहे. इथं नवा नॉब म्हणजे पैसे वाया.

दांडी दाबली, पण परत बाहेर येत नाही, तर स्प्रिंग मेली आहे किंवा दांडीभोवती चिकटा बसला आहे. आधी साफ करा, मग ठरवा.

आणि न दाबताच दांडी बंद जागेवरून फिरत असेल, तर ती शेगडी आजच बाजूला ठेवायची. दाबून फिरवायची सोय हे शेगडीचं कुलूप आहे. ते धरून ठेवणारी कॉकमधली पिन झिजली की लहान मुलाचा हात किंवा पदराचा नुसता धक्काही गॅस सुरू करायला पुरतो. हा कॉक बदलायचा असतो, त्याला ग्रीस लावून भागत नाही.

चारही बर्नरच्या दांड्या एकामागून एक फिरवून बघा. एक जड आणि तीन हलक्या असतील तर फरक बोटांना लगेच कळतो. ज्या बर्नरवर रोज दूध तापतं तोच बहुधा जड निघेल.

नॉब निघतच नसेल तर

स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. पत्र्याच्या शेगडीवर ओरखडा पडून भागेल, पण काचेच्या शेगडीवर काचेच्या कडेला टोक लागलं तर अख्खी काच भुगा होऊ शकते. टफन केलेली काच मधोमध बराच भार सोसते, कडेला लागलेला बारीक घाव सोसत नाही.

जुन्या सुती कापडाची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी घ्या. ती नॉबच्या मागून, दांडीच्या वरून-खालून अशी ओवा की दोन्ही टोकं तुमच्या बाजूला येतील. दोन्ही टोकं एकत्र धरून सरळ पुढं ओढा. ओढ सरळ रेषेत हवी, पिळत ओढलं की आतली नळी दांडीवरच तुटून राहते. मागं साखरेचा पाक किंवा दूध आटून चिकटलं असेल, तर गरम पाण्यात पिळलेला फडका नॉबवर दहा मिनिटं गुंडाळून ठेवा आणि परत ओढा.

प्लॅस्टिक वितळून दांडीला धरलं असेल तर केस वाळवायचं मशीन दोन-तीन मिनिटं लावलं तरी ते मऊ होतं. मेणबत्ती किंवा काडी लावायची नाही. रबरी नळीतला गॅस संपवला असला तरी लावायची नाही. तरीही निघालं नाही तर हॅकसॉ ब्लेडनं नॉबच्या नळीवर लांबीच्या दिशेनं काप घ्या, पण पितळेला ब्लेड लागू देऊ नका. दांडीच्या सपाट बाजूवर खाच पडली की पुढचा कुठलाही नॉब तिथं नीट बसत नाही.

मळ कुठला, त्यावर धुणं ठरतं

कोल्हापुरी स्वयंपाकघरातला मळ साधारण तीन जातींचा असतो. पहिला तेलाचा. तांबड्या रश्श्याची तर्री, मिसळीचा कट, कांदा-लसूण मसाल्याची फोडणी यांचे बारीक शिंतोडे नॉबवर बसतात आणि उष्णतेनं त्यांचा पिवळट, मेणचट लेप होतो. दुसरा दुधाचा. म्हशीचं साईचं दूध उतू गेलं की ते काचेवरून वाहत नॉबच्या मागच्या फटीत उतरतं, तिथं सुकतं आणि दांडीभोवती खपली धरते. तिसरा आणि सगळ्यांत वाईट, पाकाचा. संक्रांतीचा गुळाचा पाक किंवा दिवाळीतल्या लाडवांचा साखरेचा पाक दांडीपर्यंत गेला, की गार झाल्यावर तो दगड होतो. दांडी आत दाबली जात नाही अशी तक्रार सणानंतर आली तर आधी पाकाचा संशय घ्यायचा.

तेलाच्या लेपासाठी लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि दोन चमचे खायचा सोडा घाला. नॉब त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. दूध आणि पाक यांना सोड्याची गरज नसते, दोन्ही गरम पाण्यात सुटतात. फक्त वेळ द्यावा लागतो. नळीच्या आतला मळ काडीला कापूस गुंडाळून काढा. तिथली पत्ती बाहेर आली तर ती जपून ठेवा आणि कुठल्या बाजूला होती ते लक्षात ठेवा. अनेक चांगले नॉब ‘सैल झाले’ म्हणून कचऱ्यात जातात, आणि खरं तर त्यांची फक्त पत्ती मोरीत वाहून गेलेली असते.

तारेची घासणी, राख, स्टीलचा काथ्या यांतलं काहीही वापरू नका. काळ्या बॅकेलाइटच्या, म्हणजे कुकरच्या मुठीला असतं तसल्या कडक प्लॅस्टिकच्या नॉबची चकाकी गेली की तो पुढं दुप्पट मळ धरतो. क्रोमचा मुलामा असलेला नॉब आतून प्लॅस्टिकचाच असतो. त्याला लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड लावलं तर मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याच्या कडा ब्लेडसारख्या बोट कापतात. मुलामा सुटायला लागलेला नॉब बदलूनच टाका. नॉबमागं ॲल्युमिनियमची चकती असेल तर ती सोड्याच्या पाण्यात टाकू नका, काळी पडते.

दांडीवर मात्र पाणी ओतायचं नाही. ओला फडका पिळून घ्या आणि दांडीभोवती फिरवा. बारीक फटीतला मळ लाकडी टूथपिकनं काढा. ऑटो इग्निशनची शेगडी असेल तर कॉकच्या अंगालाच ठिणगीचा स्विच किंवा खटका जोडलेला असतो. तिथं पाणी गेलं की एक नॉब दाबल्यावर चारही बर्नर टक-टक करत राहतात, नाहीतर ठिणगीच पडत नाही.

धुतलेले नॉब पंख्याखाली दोन-तीन तास पालथे ठेवा. आत ओल राहिली तर पत्ती गंजते, आणि कोल्हापुरातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ती गंजायला फार दिवस लागत नाहीत. गंजलेली पत्ती पितळी दांडीला इतकी घट्ट धरते की पुढच्या वेळी नॉब काढताना नळी फुटते.

नवा नॉब घेताना

‘अमुक कंपनीची शेगडी, तीन बर्नर’ एवढं सांगून बरोबर नॉब मिळत नाही. एकाच कंपनीनं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कॉक बसवलेले असतात. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत बाजाराला जाताना जुना नॉब पिशवीत टाका, फुटलेला असला तरी चालेल. तोही नसेल तर पुढची मापं कागदावर घ्या.

दांडीची जाडी. घरगुती शेगड्यांत ती बहुतेक ६ किंवा ८ मिलिमीटर असते. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर दांडीवर कागदाची पट्टी एकदा गुंडाळून खूण करा आणि ती लांबी ३.१४ नं भागा. माप दांडीच्या गोल भागावर, मुळाशी घ्यायचं, सपाट भागावर नाही.

सपाट बाजूची दिशा. शेगडी बंद असताना दांडीची सपाट बाजू वर आहे, खाली आहे की डावीकडं आहे ते बघून चित्र काढा. हे चुकलं तर नॉब बसतो छान, पण त्याच्यावरचा बाण खोटं बोलतो. बाण ‘बंद’कडं आणि गॅस सिमवर, असा प्रकार यातूनच होतो. बाजारात मिळणाऱ्या काही ‘सगळ्याला बसणाऱ्या’ नॉबबरोबर तीन-चार वेगवेगळे प्लॅस्टिकचे तुकडे येतात, ते नळीत घालून दिशा आणि जाडी जुळवता येते. नाइलाज असेल तर ठीक, पण दोन तुकड्यांचा नॉब एका तुकड्याइतका टिकत नाही.

दांडीची लांबी आणि नळीची खोली. याकडं दुकानदारसुद्धा बघत नाही. नळी उथळ असेल तर दांडीचं टोक आत आपटतं, नॉब बाहेर लोंबकळतो आणि थोड्याच दिवसांत चिरतो. नळी खोल आणि नॉबचा घेर मोठा असेल तर नॉबची कड पॅनेलला टेकते. मग दाबायला जागाच उरत नाही, आणि माणूस ‘कॉक जाम झाला’ असं समजतो. बसवल्यानंतर नॉबची मागची कड आणि पॅनेल यांच्यामध्ये रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवून बघा. जेमतेम गेली तर दाबायला पुरेशी जागा आहे.

कशाचा घ्यायचा? काळा बॅकेलाइट दिसायला साधा, पण उष्णतेला तो वितळत नाही. त्याचं वैर आपटण्याशी, पडला की तुकडा जातो. एबीएस प्लॅस्टिक पडण्याला भीत नाही, पण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणून नॉब गरम होत असलेल्या शेगडीला बॅकेलाइटच बरा. धातूचा नॉब टिकाऊ असतो आणि शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा हुबेहूब नॉब करून मिळण्यासारखं आहे, पण ते फार शहाणपणाचं नाही. धातू कॉकची सगळी उष्णता बोटांपर्यंत आणतो. करायचाच झाला तर आतली नळी धातूची आणि बाहेरची पकड बॅकेलाइटची ठेवायची.

चारातला एक फुटला तर एकच घ्या. पण छापलेल्या खुणा सगळ्या नॉबवर पुसल्या असतील तर पूर्ण संच बदला. पाहुणा आला, सासूबाई आल्या, कुणी नवीन माणूस ओट्याशी उभा राहिला, तर आच कुठं मोठी आणि कुठं बारीक हे त्यांना खुणेवरूनच कळणार. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत बंदपासून पाव फेरा फिरवला की आच पूर्ण मोठी होते आणि आणखी पुढं गेलं की बारीक. अनोळखी माणसाला हे उलटं वाटतं.

घरगुती जुगाड, आणि ते का फसतात

नॉब गोल फिरतो म्हणून दांडीवर कागद, चांदीचा कागद (फॉइल) किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळणं सर्रास चालतं. दोन-चार दिवस बरं वाटतं. पण गुंडाळलेला थर नळीला आतून फाकवतो आणि चीर आणखी लांब होते. चिरलेली नळी वाचवायचीच असेल तर आतून काही घालू नका, बाहेरून तांब्याच्या बारीक तारेचे चार वेढे घट्ट मारून टोक पिळा. नवा नॉब मिळेपर्यंत एवढं चालतं.

चिकट गोंद किंवा फेविक्विक दांडीवर लावणं यापेक्षा वाईट. पातळ गोंद दांडीवरून ओघळत कॉकच्या तोंडात जातो, तिथं शंकू धरतो, आणि पाच मिनिटांचं काम नव्या कॉकपर्यंत जातं. शिवाय पुढं कॉकवर काम करायचं झालं तर नॉब फोडल्याशिवाय इलाज नसतो.

ओट्यावर कायमची ठेवलेली पक्कड तर सगळ्यांच्या ओळखीची. पकडीचे दात पितळेच्या कडा गोल करतात. मग डी आकाराची दांडी ओ आकाराची होते आणि नवा कोरा नॉबही तिच्यावर गोल फिरायला लागतो. कडा थोड्याच गेल्या असतील तर बारीक कानशीनं सपाट बाजू हलकेच सरळ करून घट्ट पत्तीचा नॉब बसवता येतो. जास्त गेल्या असतील तर कॉकच बदलायचा.

आणि घट्ट नॉबमागं खोबरेल, गोडं तेल, व्हॅसलीन किंवा गंज सोडवायचा फवारा मारणं. खायचं तेल उष्णतेनं आटून डिंकासारखं होतं, म्हणजे आज सुटलेली दांडी पंधरवड्यानं दुप्पट जाम. व्हॅसलीन शेगडीच्या साध्या उबेतच वितळून वाहून जातं. फवारा सगळ्यांत धोक्याचा, कारण तो उरलंसुरलं मूळ ग्रीस धुऊन काढतो. दांडी एकदम मऊ फिरायला लागते, घरचे खूश होतात, आणि शंकूच्या कडेनं गॅस झिरपायला लागतो.

कॉकचं काम : मिस्त्रीला सोपवा, पण काय करतो ते बघा

कॉक उघडणं हे गॅसची वाट उघडणं आहे. ते एजन्सीच्या माणसानं किंवा जाणत्या शेगडी दुरुस्तीवाल्यानंच करावं. पण तो करतोय ते बरोबर की नाही हे बाजूला उभं राहून कळायला हवं.

तो रेग्युलेटर सिलिंडरवरून काढेल, शेगडी उलटी करेल, कॉकच्या तोंडावरची दोन स्क्रूची पट्टी सोडवेल. दांडी, पिन, स्प्रिंग आणि शंकू या क्रमानं भाग बाहेर येतील. इथं बघायची गोष्ट ही की चार कॉकचे चार शंकू एकत्र एका वाटीत टाकलेले नसावेत. प्रत्येक शंकू त्याच्या त्याच्या बॉडीत घासून बसवलेला असतो. अदलाबदल झाली तर कितीही ग्रीस लावा, गॅस झिरपणारच.

जुनं काळं ग्रीस कापडानं पुसून काढायचं. पॉलिश पेपर लावायचा नाही. शंकूवर उभा ओरखडा दिसला तर तो कॉक बाद. नवं ग्रीस उष्णता आणि गॅस दोन्ही सोसणारं, गॅस कॉकसाठीचंच हवं. मोटारसायकलच्या चेनचं किंवा बेअरिंगचं पिवळं ग्रीस चालत नाही. आणि लावायचं किती? नखावर मावेल एवढं, शंकूच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, पातळ. भोकांच्या रांगेवर थापलं की ते भोकात शिरतं. दुरुस्तीनंतर मोठी आच ठीक, पण सिमवर नेलं की विझते, ही तक्रार जवळजवळ नेहमी ग्रीसनं बुजलेल्या बारीक भोकाची असते. मिस्त्री ‘गॅसचं प्रेशर कमी आहे’ म्हणाला तर शेजारचा बर्नर सिमवर लावून दाखवा. तो नीट जळत असेल तर प्रेशरचा प्रश्न नाही.

नॉब गरम का होतो

हात लावता येईना इतका नॉब गरम होत असेल, किंवा त्याची एकच बाजू पिवळी पडून वितळत असेल, तर नॉब बदलून काही होणार नाही. उष्णता कुठून येते ते शोधा.

सोपं कारण भांड्याचं. पांढऱ्या रश्श्याचं मोठं पातेलं किंवा रुंद कढई शेगडीच्या पुढच्या कडेच्या बाहेर आली, की ज्वाळा तळाला लागून पसरतात आणि पुढं येऊन थेट नॉबवर उतरतात. मोठं भांडं मागच्या बर्नरवर ठेवा, नाहीतर आच एवढी ठेवा की ज्वाळा तळाच्या बाहेर दिसणार नाहीत. बाहेर आलेली ज्वाळा भांडं तापवत नाहीच.

दुसरं कारण आच मागं पेटण्याचं. ज्वाळा बर्नरच्या भोकांवर जळायच्या ऐवजी मागं, जेटपाशी (गॅस ज्या बारीक भोकातून सुटतो तो पितळी तुकडा), हवा-गॅसच्या मिश्रणाच्या नळीत जळायला लागते. बर्नरवर ज्वाळा दिसत नाही किंवा अगदी बारीक दिसते, आतून फुरफुर आवाज येतो आणि नॉब झपाट्यानं तापतो. असं झालं की लगेच बंद करा, गार होऊ द्या. बर्नरची वरची टोपी तिरकी बसली असेल, बर्नरच्या नळीत कचरा असेल, जेट अर्धवट बुजला असेल किंवा सिलिंडर संपत आला असेल तर असं होतं. टोपी सरळ बसवा, बर्नर काढून नळी आतून ब्रशनं साफ करा. जेटच्या भोकात सुई किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की आच कायमची पिवळी होते आणि भांड्यांना काजळी धरते.

तिसरं कारण खरं भीतीचं आहे. कॉकच्या तोंडाशी झिरपणारा गॅस बर्नरच्या आचेनं पेटतो आणि नॉबच्या मागं बारीक निळी ज्योत जळत राहते. दिवसा उजेडात ती दिसत नाही. नॉबच्या मागची बाजू काळी पडली असेल तर रेग्युलेटर बंद करा आणि मिस्त्री येईपर्यंत शेगडी वापरू नका.

मळ्यातलं ग्रिल आणि हॉटेलची भट्टी

अंगणात, मळ्यात वापरायच्या गॅस ग्रिलचे नॉब वरच्याच कारणांनी खराब होतात, त्यात दोन जास्तीची. ग्रिलची मागची बाजू वाऱ्याकडं असेल तर वारा मागच्या फटीतून शिरतो आणि आतली गरम हवा पुढच्या पॅनेलखाली ढकलतो. झाकण बंद करून सगळे बर्नर मोठ्या आचेवर ठेवले असतील तर एका संध्याकाळीच नॉब वाकतात. ग्रिल फिरवून वारा बाजूनं घ्या. दुसरं, महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या ग्रिलच्या बर्नरनळीत कोळी जाळं करतात. जाळ्यानं हवा-गॅसची वाट अडते आणि आच मागं, नॉबच्या पाठीमागं पेटते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी सगळ्या नळ्या काढून ब्रश फिरवा, आणि चरबीचा ट्रे रिकामा करा, कारण साठलेली चरबी पेटली की नॉबच काय, पॅनेलही उरत नाही. ग्रिलचे काही नॉब ओढून निघत नाहीत, बाजूला बारीक ॲलन स्क्रू (सहा कोनी खाचेचा) असतो. तो आधी सैल करा.

हॉटेलच्या भट्टीला घरचा नॉब आणि घरची रीत लावू नका. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब जेमतेम ३० सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका ठेवतो. भट्टीवर हाय प्रेशर रेग्युलेटर असतो आणि तिथला वॉल्व सुईच्या जातीचा, अनेक फेरे फिरणारा. तो घट्ट झाला तर वॉल्व बदलणं हाच मार्ग.

बसवल्यावर तपासणी

नॉब दांडीवर सपाट बाजू जुळवून तळहातानं सरळ दाबा. हातोडी नको. रेग्युलेटर बंद असतानाच तीन-चार वेळा बंद, मोठी, सिम, परत बंद असं फिरवा. प्रत्येक वेळी बंद जागी आल्यावर न दाबता फिरवायचा प्रयत्न करा, फिरता कामा नये.

मग सगळे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करा. वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड घोळून फेस करा आणि तो ब्रशनं कॉकच्या तोंडाशी, दांडीभोवती, गॅसच्या नळीच्या जोडावर लावा. ऑटो इग्निशन असेल तर फेस नावापुरताच. मिनिटभर बघा. बुडबुडे फुगायला लागले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधू नका.

शेवटी प्रत्येक बर्नर पेटवून सिमवर आणा आणि ओट्याखालच्या कपाटाचं दार दोनदा उघडझाप करा. ज्योत विझली तर सिम फार बारीक आहे. पाच मिनिटं मोठ्या आचेवर भांडं ठेवून नॉबला हात लावा. कोमट चालेल, हात मागं घ्यावा लागला तर वरच्या तीन कारणांकडं परत जा.

या सगळ्यात कधीही वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीवर साठतो, म्हणून खालून हवा जाऊ द्यायला दार उघडणं जास्त महत्त्वाचं. घराबाहेर येऊन १९०६ या नंबरवर फोन करा, तो एलपीजी गळतीसाठी दिवसरात्र चालू असतो. पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, छताकडं जातो, तिथं वरची खिडकी आधी उघडायची आणि मीटरजवळचा वॉल्व बंद करायचा. आणि सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आलेल्या शेगडीचे जेट बदललेले असतात. तीच शेगडी गावाकडं नेऊन परत सिलिंडरला जोडली तर आच भडकते आणि पुढच्या कडेचे नॉब सगळ्यांत आधी वितळतात. जोडण्याआधी जेट परत बदलून घ्या.